वर्गणी संपल्यावर रेकॉर्डर

उपग्रहावरून येणारे दूरचित्रवाणीचे कार्यक्रम घरच्या घरी मुद्रित करून ठेवणारे यंत्र बाजारात आले, तेव्हा त्याची वाखाणणी झाली ती मुख्यतः एका कारणासाठी. प्रक्षेपणाच्या वेळापत्रकाने प्रेक्षकावर बसविलेला अंमल त्यामुळे संपुष्टात आला. रात्रीचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी दुपारी पाहता येऊ लागला. मध्येच कोणी दारावर आले, तर चालू प्रक्षेपण जागच्या जागी थोपवून ठेवता येऊ लागले. ब्रिटनमधील 'स्काय' कंपनीने २००१ मध्ये 'स्काय प्लस' या नावाने असे यंत्र आणले. पहिल्या यंत्रातील चुंबकीय तबकडीची क्षमता ४० गिगाबाइट होती आणि तीवर सुमारे २० तासांचे कार्यक्रम मावत असत.

या यंत्राच्या वापरातून पुढे एक चमत्कारिक परिस्थिती उद्भवली. एखाद्या कुटुंबाने काही वर्षे वर्गणी भरली आणि मग ती बंद केली, असे समजा. सशुल्क वाहिन्या बंद पडत, हे स्वाभाविकच होते. विनाशुल्क वाहिन्या मात्र पूर्वीप्रमाणेच दिसत राहत. परंतु यापैकी एखादी विनाशुल्क वाहिनी मुद्रित करावी म्हणून कोणी बटण दाबले, तर यंत्र नकार देई. चालू प्रक्षेपण थोपविण्याची सोयही नाहीशी होई. छपरावरची डिश तीच, तबकडी तीच, पेटी ग्राहकाने पैसे देऊन घेतलेली, कार्यक्रम कोणालाही फुकट दिसणारा. आणि तरीही मुद्रण होत नसे. यंत्रात बिघाड काहीच झालेला नसे. मग अडत कोठे होते?

या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी आकाशातून घरात नेमके काय येते, हे आधी पाहिले पाहिजे. दूरचित्रवाणीचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. त्या उंचीवर पृथ्वीभोवतीची एक प्रदक्षिणा पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीइतक्याच वेळात पुरी होते. म्हणून उपग्रह आकाशात एका जागी खिळल्यासारखा भासतो आणि डिश एकदा रोखली की पुन्हा हलवावी लागत नाही. तेथून येणाऱ्या लहरी अतिशय क्षीण असतात. डिशचा अन्वस्ताकार पृष्ठभाग त्या एका बिंदूत गोळा करतो आणि त्या बिंदूपाशी बसविलेला एल.एन.बी. नावाचा लहानसा भाग त्यांचे वर्धन करून त्यांची कंप्रता कमी करतो, म्हणजे त्या साध्या तारेतून घरात आणता येतात. तारेच्या दुसऱ्या टोकाला असलेली पेटी या भागाला वीजही पुरविते आणि हुकूमही देते. १३ व्होल्ट दाब दिला की एका प्रकारे ध्रुवित झालेल्या लहरी निवडल्या जातात आणि १८ व्होल्ट दिला की दुसऱ्या प्रकारच्या. एका तारेतून एका वेळी एकच निवड करता येत असल्यामुळे, एक वाहिनी पाहत असताना दुसरी कोणतीही वाहिनी मुद्रित करावयाची असेल, तर डिशपासून पेटीपर्यंत सामान्यतः दोन तारा आणाव्या लागतात. घरी रेकॉर्डर बसविणाऱ्या कारागिराने दुसरी तार का ओढली, याचे उत्तर एवढेच आहे.

पेटीत शिरणारा संकेत हा चित्र नसून अंकांचा प्रवाह असतो. चित्र आणि ध्वनी यांचे अंकांत रूपांतर करणे, त्यांचा संकोच करून जागा वाचविणे, ही सारी मेहनत प्रक्षेपण केंद्रातच उरकलेली असते. प्रेक्षकाकडे येतात ती १८८ बाइटांची लहान लहान पाकिटे, एकामागून एक. प्रत्येक पाकिटाच्या आरंभी एक ठराविक खूण असते आणि ते पाकीट कोणत्या वाहिनीचे आहे, हे सांगणारा क्रमांक असतो. पेटी आपल्या वाहिनीची पाकिटे वेचून घेते आणि बाकीची सोडून देते.

रेकॉर्डरचे काम किती सोपे आहे, हे येथे ध्यानात येईल. जुन्या व्हिडिओ कॅसेटच्या यंत्राला चित्राचा संकेत घेऊन फितीवर नव्याने उमटवावा लागे आणि त्यात चित्राचा कस थोडा उतरत असे. उपग्रहाच्या रेकॉर्डरला नवे असे काहीच करावे लागत नाही. वेचलेली पाकिटे तो आली तशीच तबकडीवर उतरवून ठेवतो आणि मागाहून त्याच क्रमाने परत वाचतो. म्हणून मूळ प्रक्षेपण आणि मुद्रण यांत डोळ्यांना काहीही फरक दिसत नाही. सेकंदाला ४० लक्ष बिट या गतीने येणारा तासाभराचा कार्यक्रम १.८ गिगाबाइट जागा व्यापतो. ४० गिगाबाइटांच्या तबकडीत सुमारे २० तास मावत, हा हिशेब याच्याशी जुळतोच. थोडक्यात, ज्या पेटीला पाकिटे वाचता येतात आणि जिच्यात ती साठविण्यास जागा आहे, तिला मुद्रण करता येते. त्यासाठी वर्गणीची तांत्रिक गरज मुळीच नाही.

गरज उत्पन्न होते ती कुलपामुळे. आणि ही कुलपे दोन प्रकारची आहेत. त्यांची गल्लत होते, म्हणून ती वेगवेगळी पाहणे इष्ट.

पहिले कुलूप आकाशातच लावलेले असते. सशुल्क वाहिनीच्या पाकिटांतील मजकूर प्रक्षेपणापूर्वीच एका गुप्त अंकाच्या साहाय्याने विस्कळित करण्यात येतो. हा अंक काही सेकंदांनी बदलत राहतो. एखाद्याने तो हुडकून काढला, तरी तोपर्यंत तो निरुपयोगी झालेला असतो. हा अंकही त्याच प्रवाहातून, परंतु स्वतः कुलूपबंद होऊन येतो, आणि तो उघडण्याची किल्ली पेटीत सरकविलेल्या कार्डाच्या पोटात असते. कार्डाला कोणती वाहिनी उघडण्याची मुभा आहे, हे सांगणारे निरोप कंपनी वेळोवेळी उपग्रहावरूनच पाठविते. वर्गणी भरली की मुभेचा निरोप येतो; थकली की मुभा काढून घेतल्याचा येतो. लक्षावधी कार्डांना उद्देशून असे निरोप रात्रंदिवस आकाशातून झरत असतात आणि प्रत्येक कार्ड आपल्या क्रमांकाचा तेवढा उचलून घेते. टपालाची ही व्यवस्था मोठी विलक्षण आहे, पण तिच्या खोलात शिरण्याचे हे स्थळ नव्हे.

दुसरे कुलूप असते ते पेटीत. त्याचा लहरींशी काही संबंध नाही. पेटी चालविणारी आज्ञावली कंपनीने लिहिलेली असते. बटण दाबल्यावर तबकडी फिरवावयाची की नाही, हे ती आज्ञावली ठरविते, आणि ठरविण्यापूर्वी ती कार्डाला विचारते : याची वर्गणी चालू आहे काय? 'नाही' असे उत्तर आले की मुद्रण होत नाही. समोरच्या वाहिनीच्या पाकिटांना कुलूप आहे की नाही, याची चौकशीच होत नाही. स्काय प्लसच्या बाबतीत अडत होते ते येथेच.

कंपनीची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. ही पेटी ग्राहकाला पुष्कळदा खऱ्या खर्चापेक्षा कमी किमतीत मिळे. उरलेली तूट पुढील वर्गणीतून भरून निघावी, असा हिशेब असे. येत्या आठवड्याचे कार्यक्रमपत्रक तयार करून सतत प्रक्षेपित करणे, आज्ञावलीत सुधारणा करणे, या गोष्टीही फुकट होत नाहीत. आरंभी तर मुद्रणाच्या सोयीसाठी दरमहा १० पौंडांचे वेगळे शुल्कच होते. भारी वाहिन्या घेणाऱ्यांना ते माफ असे. २००७ मध्ये सर्वच वर्गणीदारांचे हे शुल्क रद्द झाले, पण सोय वर्गणीशी बांधलेलीच राहिली. ही बाजू खोटी नाही. तथापि विकत घेतलेल्या वस्तूचा एक अवयव विक्रेत्याने दुरून निकामी करावा, ही गोष्ट शिवणयंत्राच्या किंवा सायकलीच्या बाबतीत कोणी चालवून घेतली नसती, हेही तितकेच खरे. कंपनीने २०१६ पासून 'स्काय क्यू' नावाची नवी पेटी आणली, ती विकण्याऐवजी वापरण्यापुरती देण्याची पद्धत ठेवली. त्यामुळे मालकीचा प्रश्न निदान कागदोपत्री मिटला.

आकाशातले कुलूप काढण्याची घटना याहून महत्त्वाची ठरली, आणि ती घडवून आणली एका सार्वजनिक संस्थेने. ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणी पाहणाऱ्या प्रत्येक घराला परवानाशुल्क भरावे लागते आणि बी.बी.सी. प्रामुख्याने त्यावर चालते. असे असूनही १९९८ मध्ये अंकीय उपग्रहसेवा सुरू झाली, तेव्हा बी.बी.सी.च्या वाहिन्या कुलूपबंदच होत्या. परदेशी चित्रपटांचे आणि खेळांच्या सामन्यांचे हक्क तिने केवळ ब्रिटनपुरते घेतलेले असत आणि उपग्रहाची लहर तर देशाच्या सीमा जुमानीत नाही. म्हणून वर्गणी न भरणाऱ्या घरांनाही एक कार्ड मिळवावे लागे. ते फुकट मिळे, पण कार्डाची व्यवस्था स्कायच्या हाती होती आणि तिचा मोबदला बी.बी.सी. देत होती. परवानाधारकांचे पैसे अशा रीतीने परवानाधारकांच्याच वाहिनीला कुलूप लावण्याकडे खर्च होत होते.

यातून सुटका झाली ती उपग्रहाच्या झोताच्या आकारामुळे. 'अ‍ॅस्ट्रा २डी' या उपग्रहाचा झोत अरुंद होता. तो मुख्यतः ब्रिटिश बेटांवर पडे, आणि दक्षिण युरोपात तो पकडण्यास फार मोठी डिश लागे. बी.बी.सी.ने २००३ मध्ये आपल्या वाहिन्या या उपग्रहावर हलविल्या आणि कुलूप काढून टाकले. सीमेपलीकडे थोडेफार सांडत राहिले. पण कुलपाचे काम भूगोलाने बऱ्याच अंशी केले. त्याच वर्षी आय.टी.व्ही.नेही हाच मार्ग धरला. पुढे या दोन्ही संस्थांनी मिळून ६ मे २००८ रोजी 'फ्रीसॅट' ही सेवा सुरू केली. तिची पेटी दुकानातून विकत घ्यावयाची आणि वर्गणी मुळीच नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस तिचा रेकॉर्डरही आला. आठवड्याचे कार्यक्रमपत्रक, मालिकेचे सर्व भाग आपोआप मुद्रित करण्याची सोय, दोन वाहिन्यांचे एकाच वेळी मुद्रण, हे सारे त्यात होते. दरमहा पैसे घेतल्यावाचून या गोष्टी परवडत नाहीत, असे म्हणणाऱ्यांना यापेक्षा समर्पक उत्तर देता आले नसते. अर्थात 'फुकट' या शब्दाचा अर्थ बेताने घ्यावयाचा. परवानाशुल्क होतेच, ते समाजाने मिळून भरावयाचे होते आणि पेटीच्या आज्ञावलीवर त्याचा पहारा नव्हता, एवढाच फरक.

सर्व देशांत वारा याच दिशेने वाहिला, असे नाही. जर्मनीत विनाशुल्क वाहिन्यांची परंपरा मोठी आहे. पण २००९ मध्ये तेथे सुरू झालेल्या 'एचडी प्लस' या सेवेत खासगी वाहिन्यांची अधिक सुस्पष्ट चित्रे वर्गणीवर मिळू लागली आणि त्यांच्या मुद्रणावर बंधने आली. मुद्रित कार्यक्रमातील जाहिराती भराभर पुढे सरकवून टाळण्यास काही ठिकाणी मज्जाव करण्यात आला. पैसे भरल्यावर स्वातंत्र्य वाढावे, ही अपेक्षा येथे उलटी झाली.

घरात केलेले मुद्रण कायद्याला मान्य आहे काय, हा प्रश्न उपग्रहाच्या रेकॉर्डरपेक्षा जुना आहे. व्हिडिओ कॅसेटच्या यंत्रांविरुद्ध अमेरिकेतील चित्रपटनिर्मात्यांनी लढविलेल्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला : मोफत प्रक्षेपित झालेला कार्यक्रम पुढे सवडीने पाहता यावा म्हणून घरी मुद्रित करणे, हा अपहार नव्हे. भारतात १९५७ च्या लेखाधिकार अधिनियमाचे ३९ वे कलम याबाबत अधिक स्पष्ट आहे. स्वतःच्या खासगी वापरासाठी, अथवा केवळ अध्यापन वा संशोधन यांसाठी प्रामाणिकपणे केलेले ध्वनिमुद्रण किंवा दृश्यमुद्रण यामुळे प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेच्या हक्काचा भंग होत नाही, असे ते सांगते. त्याच अधिनियमात २०१२ मध्ये आलेले ६५-अ हे कलम दुसरी बाजू सांभाळते : हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. म्हणजे वर्गणीवाचून मुद्रण करणे आणि वर्गणी चुकवून मुद्रण करणे, या दोन वेगळ्या गोष्टी होत. बाजारात क्वचित 'सर्व वाहिन्या फुकट' अशी बतावणी करून विकल्या जाणाऱ्या पेट्या दुसऱ्या वर्गात मोडतात. कंपनीने किल्लीची पद्धत बदलताच त्या निकामी होतात आणि घेणाऱ्याचे पैसे बुडतात, ते वेगळेच.

भारताच्या बाबतीत उपग्रह-दूरचित्रवाणीचा आरंभच कुलपाविना झाला, हे येथे आठवणे अप्रस्तुत होणार नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात 'साइट' या प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांना 'ए.टी.एस.-६' या अमेरिकन उपग्रहावरून कार्यक्रम दाखविले गेले. खेड्यांत बसविलेल्या डिश तारेच्या जाळीच्या, सुमारे दहा फूट व्यासाच्या होत्या. वर्गणीचा प्रश्नच नव्हता. परंतु उपग्रह उसना होता. वर्ष संपले आणि तो परत गेला. खेड्यातील पडद्यांवर येणारे ते कार्यक्रम थांबले आणि पाहिलेले पुन्हा दाखविण्यासाठी गावापाशी काहीही शिल्लक राहिले नाही.

त्यानंतर जवळजवळ तीन दशकांनी, १६ डिसेंबर २००४ रोजी दूरदर्शनने थेट घरात येणारी विनाशुल्क सेवा सुरू केली. तीच पुढे 'डी.डी. फ्री डिश' या नावाने ओळखली जाऊ लागली. डिश आणि पेटी एकदा विकत घेतली की मासिक आकार नाही. दूरदर्शनच्या वाहिन्यांबरोबर लिलावात जागा घेतलेल्या खासगी वाहिन्याही तीवर दिसतात. मराठी प्रेक्षकाला 'सह्याद्री' वाहिनी त्यावर मिळते. सेवेचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. मुंबईहून पाहता तो आग्नेयेकडे, क्षितिजापासून सुमारे ५७ अंश उंचीवर येतो. नागपूरहून तो थोडा अधिक दक्षिणेकडे सरकलेला व अधिक उंच असतो. खासगी सेवेची वर्गणी थांबविलेल्या घरात जुनी डिश तशीच छपरावर असते. ती या दिशेला वळवून नवी पेटी जोडली, तर बहुधा नवी डिश घ्यावी लागत नाही. जुनी पेटी मात्र येथे सहसा उपयोगी पडत नाही, कारण ती आपल्याच कंपनीचा प्रवाह ओळखण्यासाठी बांधलेली असते. खासगी कंपन्यांचे रेकॉर्डर भारतात आले, त्यांपैकी 'टाटा स्काय'चा २००८ मधील; त्यांचे भवितव्यही खात्यातील शिल्लक रकमेशी जोडलेले आहे.

फ्री डिशसाठी बाजारात मिळणाऱ्या अनेक पेट्यांना पेन ड्राइव्ह लावण्याची खाच असते आणि तो लावला की पेटी रेकॉर्डर होते. तिला कोणाला विचारावे लागत नाही. मात्र ही सोय फ्रीसॅटइतकी नेटकी नाही. मालिकेचे भाग आपोआप मुद्रित होत नाहीत. तारीख, वेळ आणि वाहिनी सामान्यतः हाताने नेमावी लागते. आधीचा कार्यक्रम लांबला तर पुढच्याचा शेवट कापला जातो; म्हणून वेळ नेमताना दहा मिनिटे अधिक धरणे शहाणपणाचे. पेन ड्राइव्हवरील जुन्या पद्धतीच्या मांडणीत एका धारिकेला ४ गिगाबाइटांची मर्यादा असते, त्यामुळे दोन-अडीच तासांपेक्षा लांब मुद्रणाचे पेटी आपणहून तुकडे करते. ते एकापुढे एक लावून पाहावे लागतात. पेटी एकाच वाहिनीवर लागत असेल, तर मुद्रण चालू असेपर्यंत घरातील इतरांनाही तेवढेच पाहावे लागते. यावरून होणाऱ्या कुरबुरीला तांत्रिक उपाय नाही. दुसरी पेटी हाच त्यावरील उपाय.

वीज गेली की मुद्रण तुटते, हे सांगणे नकोच. पावसाचा त्रास मात्र समजून घेण्याजोगा आहे. या सेवांच्या लहरींची लांबी दोन-तीन सेंटिमीटर असते आणि पावसाचे जाड थेंब त्या शोषून घेतात. कोकणात आषाढातील मुसळधार सरींत चित्र चौकोनांत फुटते, ते यामुळे. प्रत्येक पाकिटाबरोबर चूक दुरुस्त करणारे काही अधिक बाइट आलेले असतात आणि थोडी झीज ते भरून काढतात. पण त्या मर्यादेपलीकडे गेलेले पाकीट पुन्हा मागविता येत नाही, कारण उपग्रहाला घरून काही कळविण्याची सोयच नसते. पाहणारा ते दोन क्षण विसरून जातो. मुद्रणात मात्र ते फुटलेले चौकोन कायमचे राहतात.

मुद्रण किती काळ टिकेल, हे पुन्हा कुलपावरच अवलंबून आहे. वर्गणीच्या रेकॉर्डरमधील तबकडीवर कार्यक्रम बहुधा कूटबद्ध रूपातच ठेवलेले असतात. पेटी बंद पडली आणि तबकडी काढून दुसरीकडे जोडली, तरी त्यातून काहीही वाचता येत नाही. कित्येकांची वर्षानुवर्षांची साठवण अशी हातची गेली आहे. पेन ड्राइव्हवर उतरलेली विनाशुल्क वाहिनीची पाकिटे मात्र बहुतेक पेट्यांत उघडीच असतात. संगणकावर ती जशीच्या तशी पाहता येतात आणि दुसऱ्या तबकडीवर त्यांची प्रत करता येते. पेटी घेताना दुकानातच पाच मिनिटांचे मुद्रण करून ते दुसऱ्या यंत्रावर चालते की नाही, हे पाहून घ्यावे. काही पेट्या आपले मुद्रण दुसऱ्या कोणाला वाचू देत नाहीत, आणि ही गोष्ट खोक्यावर छापलेली नसते.